मागच्या पाट्यातली टकटक

१९ सप्टेंबर १९५७, सकाळ
आजपासून रोजनिशी. मोटार बाळगणाऱ्या माणसानं नोंदी ठेवल्याच पाहिजेत.

पहिली नोंद: गाडीच्या मागून आवाज येतो. टक-टक-खडड. गाडी थांबली की थांबतो. मी ऐकलंच नाही असं दाखवून पाहिलं, तरी येतो.

गाडी अडतीस सालची, विलायती. बदली झालेल्या जंगलसाहेबाकडून जुलैअखेर घेतली. त्यापायी बैलजोडी विकली. आमचा गाडीवान लटारू दोन दिवस जेवला नाही. मग त्यालाच गाडी धुवायला-पुसायला ठेवून घेतलं. विज्ञानाच्या युगात अशा माणसांना सांभाळून घ्यावं लागतं.

२० सप्टेंबर
ब्रह्मपुरीच्या बापूजींचं पत्र. आमच्या चंदाला बघायला दसऱ्यानंतरच्या रविवारी, म्हणजे सहा ऑक्टोबरला, सकाळच्या रेल्वेनं वडशाला उतरतात. पोरगी पसंत पडली तर तिथंच सुपारी फोडू, म्हणतात. त्यांचा मुलगा शाळेत मास्तर. चंदाला त्याचा फोटो आवडलेला दिसतो. कोनाड्यातला फोटो काल दोनदा जागचा हलला.

पत्राच्या शेवटी लिहिलंय, 'आपणाकडे मोटार आहे असे ऐकतो.' बघा! सगळी भिस्त गाडीवर. स्टेशनावरून घरी टकटक करत आणलं तर म्हणतील, ज्याची मोटार खिळखिळी त्याचं घर तरी कुठं धड असणार?

निश्चय: सहा तारखेच्या आत आवाज बंद. खरं तर चार दिवस पुरेत.

२१ सप्टेंबर
शास्त्रीय पद्धत सुरू केली. मी गाडी चालवतो, चंदा मागच्या सीटवर बसून कान देते. आधी म्हणाली डावीकडून. नीट ऐक म्हटलं, तर म्हणाली उजवीकडून. पुन्हा नीट ऐक म्हटलं, तर म्हणाली, "बाबा, तुमी सांगा तिकडून."

घरी बायको म्हणे, लटारूले विचारा, तोच राह्यते गाडीखाली. मोठ्यानं हसलो. बैल हाकणाऱ्याला सस्पेन्शन काय कळणार?

२३ सप्टेंबर
मोठा शोध. पोळ्यापर्यंत गाडी गप्प होती, पोळ्यानंतर आवाज सुरू झाला. अर्थ उघड आहे: पावसाळी हवेनं लोखंड फुगलं. गाडी दिवसभर उन्हात ठेवली.

संध्याकाळी सीटचं कातडं तडकलं. आवाज किंचित बारीक झाला असं मला वाटतं. चंदाला वाटत नाही.

२४ सप्टेंबर
डिकी रिकामी केली. साहेबाची मोडकी छत्री निघाली. आवाज तसाच.

लटारू बाजूला उभा राहून समाधानानं ऐकत होता. म्हणे, "आवाज बेस येऊन राह्यला, मालक." कीव आली.

२६ सप्टेंबर
मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची कमान असते, तिला पाटे म्हणतात. दोष पाट्यांतच आहे. पाटे कोरडे पडलेत. तेल लावलं, फरक नाही. तेल पातळ पडतं. म्हणून तूप.

दसऱ्याचं तूप गेलं म्हणून बायको माझ्याशी बोलत नाही. आवाज आहे तसाच. शिवाय आता गल्लीतली सगळी कुत्री गाडीमागे धावतात.

२८ सप्टेंबर
अयूब मिस्त्रीला बोलावलं. सायकली, गॅसबत्त्या, शिलाई मशिनी सगळं दुरुस्त करतो. त्यानं गाडी दोनदा हलवली आणि म्हणाला, "भाऊ, खाली घुसून पाहाले लागते. आज कपडे साफ हायेत. दसऱ्यानंतर येतो."

दसऱ्यानंतर! मी स्वतः खाली घुसणार होतो. पण माझं पोट आणि गाडी यांचं माप जुळत नाही. हा गाडीच्या बनावटीतला दोष आहे.

३० सप्टेंबर
मिस्त्रीवर विसंबून चालणार नाही. पाटे स्वतः उघडणार. गाडीबरोबर मिळालेल्या इंग्रजी पुस्तकाची पानं ४१ ते ५६ वाळवीनं खाल्लीत, नेमका मागचा भाग. हरकत नाही. पुढचा भाग उलटा वाचला की मागचा होतो.

२ ऑक्टोबर
मागची दोन्ही चाकं काढली. लटारूनं हात जोडून विचारलं, काऊन काढून राह्यले जी? त्याला दूर बसवलं.

डाव्या पाट्याचा मधला बोल्ट तुटला. तो आधीपासूनच तुटायच्या बेतात असणार. मी फक्त निमित्त. गाडी विटांवर उभी आहे. या स्थितीत आवाज अजिबात नाही. काम प्रगतिपथावर.

३ ऑक्टोबर, दसरा
अयूब सोनं द्यायला आला. पानं माझ्या हातावर ठेवली, वाकून गाडीखाली बघितलं, हात घातला आणि आसाच्या वरच्या सांदीतून एक लाकडी घंटा ओढून काढली. जंगलात चरायला जाणाऱ्या गुरांच्या गळ्यात बांधतात ती. पक्क्या दोरीनं बांधलेली.

सगळे लटारूकडे बघू लागले. तो म्हणाला, "पोळ्याले बांधली जी. बैल गेले, आता आपल्या घरचं जनावर हेच. आदल्या दिवशी बैलाचे शेकतो तसे हिचे खांद शेकले, समोरच्या दोन दिव्यांच्या मंधात तूप-हळद लावून. मंग घंटी बांधली. जंगलाच्या रस्त्यानं जाते, बिनघंटीचं जनावर कसं सोडाचं?"

सांगितलं का नाहीस म्हणून ओरडलो. म्हणे, "तुमी विचारलं कुठी?"

बायकोलाही ठाऊक होतं. मोटारीला कुंकू तिनंच लावलं होतं. पण घंटेचाच आवाज आहे हे तिला काय माहीत, म्हणे. तुमी तर पाटे-पाटे करून राह्यले होते.

नोंद: आवाज पोळ्यानंतर सुरू झाला हे माझं निदान अचूक निघालं.

४ ऑक्टोबर
बोल्ट नागपूरहून येणार. आठ-दहा दिवस. पाहुणे परवा.

आज खरं लिहितो. भीती वाटते. चंदाचं जमलं नाही तर ते माझ्या हट्टापायी. ती आली. चहा दिला आणि समोर बसून माझ्या नखांतलं काळं काडीनं काढत राहिली.

६ ऑक्टोबर
शेजारच्या झिंगूची रेंगी मागितली. बैलगाडीच ती, वर बांबूच्या तट्ट्याचं छत आहे एवढंच. लटारूनं हाकली. पहाटे निघून वेळेत वडशाला पोचलो. वाटभर मी माफीचं भाषण पाठ केलं, त्यात चार वाक्यं इंग्रजी.

बापूजी उतरले. चेहरा पांढराफटक. इकडं-तिकडं बघत विचारलं, "मोटार नाई ना आणली?" मी भाषण सुरू केलं. त्यांनी रेंगी बघितली आणि तिलाच हात जोडले.

मोटारीत बसलं की त्यांना ओकारी होते! गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात नवरदेवाच्या फेट्यावरच झाली म्हणे. पत्रात मोटारीचं लिहिलं ते याच धास्तीनं, उघड कसं लिहावं म्हणून. आज रेल्वेत सारखा मारुतीचा जप चालला होता.

वाटभर लटारूशी बैलांच्या गप्पा. माझ्याशी दोन वाक्यं.

चंदा पसंत. सुपारी फुटली. त्यांची एकच अट, लग्नात मोटार नको. गाडी विटांवर ठेवण्यामागची माझी दूरदृष्टी बायकोला समजावून सांगितली. ती मधूनच उठून स्वयंपाकघरात गेली.

१५ ऑक्टोबर
बोल्ट आला. अयूबनं पाटे बसवले. एक वॉशर उरलं, ते साहेबानंच जादा घातलं असणार.

एकटाच नदीच्या रस्त्यानं फेरी मारून यायला निघालो. चंदाला चोळ्यांचं माप द्यायचं होतं, मार्गशीर्षात लग्न. गाडी अगदी गप्प. इतके दिवस हेच तर हवं होतं.

सवयीनं विचारलं, "डावीकडून की उजवीकडून?" वळून बघितलं. मागची सीट रिकामी. पोरगी जाणार. या घरात मी म्हणेन तिकडून आवाज ऐकणारं एकच माणूस, ते जाणार.

तेवढ्यात गाडी पत्रूच्या धानाच्या बांधीत शिरली. चिखल दारापर्यंत. पत्रूनं आधी धानाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि बैल आणायला गेला.

बैलांमागं लटारूही धावत आला आणि त्यानंच बैल जुंपून गाडी वर काढली. मग आपल्या शेल्यानं बॉनेटवरचा चिखल पुसला, दोनदा थोपटलं आणि गाडीला म्हणाला, "भेऊ नोको. मालक शिकतीन हळूहळू."