जिंकण्याआधीची रंगीत तालीम

तीर्थस्वरूप डेल्मरदाजी यांच्या सेवेशी,

ओटर बेंडहून तुमचा मेहुणा ऑर्विल याचा टोपी काढून नमस्कार. (इथे थंडी अशी आहे की कुत्रंसुद्धा अंगणात जायला वकिलाचा सल्ला घेईल, तरी टोपी काढली आहे. यावरून प्रकरणाचं गांभीर्य ओळखावं.) तुमचा गुडघा कसा आहे? आर्डिसताईचा खोकला कमी झाला का? आमच्या हिने, मार्लिसने, लेफ्सा (बटाट्याच्या पातळ पोळ्या) केल्या आहेत, त्यातला गठ्ठा या पत्राबरोबर पाठवला आहे. पत्र घेऊन आमचे पास्टर तोर्विक येताहेत. गठ्ठा त्यांनी आपणहून दिला नाही तर मागून घ्या, कारण देवाचा माणूस असला तरी वाटेत दोन तासांचा प्रवास आहे आणि बटाट्याची लेफ्सा ही लेफ्सा आहे. आमच्याकडे सगळे बरे आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर शनिवारपासून मी बरा नाही. मी खातो, झोपतो, दुकान उघडतो, पण मधेच हातातली हातोडी तशीच धरून भिंतीकडे बघत राहतो. गिऱ्हाईक म्हणतं, ऑर्विल, खिळे देतोस ना? मी म्हणतो, कसले खिळे.

ग्रॅनाइट प्रेरीच्या तुमच्या पेपरात पहिल्या पानावर जे आलं, ते खरं आहे. पण अर्धंच आहे, आणि त्या फोटोत मी हसतो आहे असं दिसतं ते मुळीच खरं नाही. तो धक्का होता. माझे धक्क्यातसुद्धा दात दिसतात, आईचेही दिसायचे, ताईला विचारा. म्हणून म्हटलं, घरच्या माणसाला तरी सगळं पहिल्यापासून नीट सांगावं.

आमचं कॉलेज यंदा फुटबॉलमध्ये विभागात पहिलं आलं हे तुम्हाला माहीत आहेच (तुमचं दुसरं आलं, तेही आम्ही विसरलेलो नाही, आणि त्याबद्दल मी दुकानाच्या काचेवर जो फलक लावला होता तो आता काढला आहे). नियमाप्रमाणे अजिंक्यपदाचा सामना पहिल्याच्या घरी. आमच्या मैदानावर अंतिम सामना, दाजी! बाबांच्या उभ्या आयुष्यात हे झालेलं नाही. आपले बाबा म्हणजे काय, पूर्वेकडच्या पायऱ्यांवर तेव्हापासून बसताहेत जेव्हा तिथे पायऱ्या नव्हत्या, नुसता उतार होता. पाऊस, बर्फ, आईचं बाळंतपण, कशानेही त्यांचा घरचा सामना चुकलेला नाही. हल्ली माणसं विसरतात, मला कधी माझ्या मेलेल्या काकाच्या नावाने हाक मारतात, पण डाव्या बगलेवरून कोण पळतो ते बरोबर सांगतात. डॉक्टरने आता गावाबाहेर नेऊ नका असं बजावलं आहे. छातीत पाणी होतं. तेव्हा हा सामना त्यांना दिसला तर इथेच दिसणार, आणि पुढच्या वर्षाची वाट बघण्याचं त्यांचं वय नाही, हे मी मार्लिसलासुद्धा मोठ्याने म्हणत नाही. तुम्हाला लिहितो आहे.

निकाल आला त्या दिवसापासून गाव ताळ्यावर राहिलेलं नाही. न्हाव्याने खुर्ची हिरवी रंगवली. चर्चमधल्या बायकांनी हॉटडिशचे, म्हणजे भट्टीत भाजलेल्या मांस-बटाट्याचे, इतके डबे करून ठेवले की शवगृहाच्या शीतपेटीत जागा मागावी लागली (मिळाली, गिऱ्हाईक नव्हतं). बँकेबाहेर माणसं उगाच उभी राहून एकमेकांना “शनिवार” एवढंच म्हणत होती, आणि समोरचा मान हलवून “शनिवार” म्हणत होता. एवढ्यावर भेट संपायची. मी विजयोत्सव समितीचा अध्यक्ष झालो. मागितलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नाही.

आता आमची चालरीत तुम्हाला ठाऊक आहे. मोठा विजय मिळाला की लोक मैदानात उतरतात, गोलचे खांब हलवून हलवून उपटतात, खांद्यावर घेऊन मेन स्ट्रीटने मिरवत नेतात आणि पुलावरून नदीत विसर्जन करतात. वाईट आहे, पण आहे. घोटाळा असा की शेवटचं विसर्जन होऊन इतकी वर्षं लोटली की ते कसं करतात हे आठवणारं गावात कोणी उरलं नव्हतं. त्या वेळी खांब बँकेच्या कोपऱ्यावर वळेनात, तिघांची हाडं मोडली, म्हणतात. म्हणून आमच्या नगराध्यक्षा बर्निस क्लाप्रोट यांनी (बाई हुशार आहेत, पूर्वी शाळेच्या बसगाड्यांचं वेळापत्रक बघायच्या) असं ठरवलं की यंदा विजय झाला तर तो शिस्तीत झाला पाहिजे. आदल्या शनिवारी रंगीत तालीम घ्यायची. खांबाला कोणी हात लावायचा नाही. माझ्या दुकानातली मोठी शिडी खांब समजून खांद्यावर घ्यायची, ठरल्या वाटेने पुलापर्यंत न्यायची, तिथे थांबायचं, टाळ्या वाजवायच्या आणि शिडी परत आणायची. मला हे इतकं पटलं की मी स्वतः शिडीला हिरवी फीत बांधली.

तालमीला पंचवीस-तीस माणसं येतील असा अंदाज होता. दाजी, सगळं गाव आलं. लेकरं, म्हाताऱ्या, पाव-सॉसेजच्या गाड्या, कॉलेजचा बँड. बँडला कोणी बोलावलं ते अजून कळलेलं नाही. मी भोंग्यातून सूचना वाचायला लागलो. पहिली सूचना होती, “खांबाला हात लावू नये.” बँडने त्याच क्षणी विजयाचं गाणं सुरू केलं, त्यामुळे मागच्यांना फक्त “खांबाला” एवढंच ऐकू गेलं असावं. उत्तर टोकाला नदीपलीकडची मंडळी उभी होती. त्यांच्यातल्या एकाने शिडी कशी धरायची हे दाखवायला खांबाला हात लावला. मग दुसऱ्याने. खांब हलला. आणि हललेला खांब एकदा माणसाने पाहिला की त्याचं पुढे काही चालत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. मी भोंग्यातून “थांबा” म्हणत होतो असं मला वाटतं. मार्लिस म्हणते मी “हळू, डावीकडे घ्या” म्हणत होतो.

उत्तरेचा खांब आडवा झाला तशी दक्षिणेकडच्यांनी म्हटलं, आम्ही काय बांगड्या भरल्यात? आणि तोही गेला. दोन्ही खांब खांद्यावर, पुढे बँड, मागे शिडी (ती मात्र ठरल्याप्रमाणे व्यवस्थित चालली होती), आणि बँकेच्या कोपऱ्यावर वळण असं सुरेख जमलं की बर्निसबाईंनी स्वतः टाळ्या वाजवल्या. कोणाला लागलं नाही, कोणी पडलं नाही. तालीम म्हणून इतकी नमुनेदार की मला भरून आलं. पुलावर आलो. तिथे थांबायचं होतं. पण थांबा म्हणायचं कोणी, हे आमच्या सूचनांत लिहायचं राहून गेलं होतं.

खाली नदीवरच्या बर्फाचा पापुद्रा फुटल्याचा आवाज आला, मग दुसरा. मग काही नाही. सगळे कठड्यावर वाकून खाली बघत होते. बँड एकेक वाद्य करत बंद पडला. बाबांची चाकाची खुर्ची मी पुलाच्या तोंडाशी आणून ठेवली होती, ब्लँकेट गुंडाळून, त्यांना मिरवणूक दिसावी म्हणून. त्यांनी माझी बाही ओढली आणि म्हणाले, “अरे, आधी जिंकायचं असतं ना?”

आम्हाला वाटलं, बाबांना पुन्हा भ्रम झाला. मी त्यांच्या पाठीवर थोपटलं, म्हटलं, हो बाबा, हो. घरी जाऊन कॉफीचा पहिला घोट घेतला आणि पेला तसाच तोंडाशी राहिला. दाजी, भ्रम बाबांना नव्हता, आम्हाला झाला होता. त्याच वेळी गावातल्या प्रत्येक घरात तेच झालं असावं, कारण रस्त्यावर एकदम सगळी दारं उघडली आणि माणसं नुसती बाहेर येऊन उभी राहिली. समोरचे लिंडक्विस्ट बंधू, जे धान्याच्या सौद्यातसुद्धा कधी चेहरा हलू देत नाहीत, ते दोघे पायरीवर बसले.

सोमवारी प्रशिक्षक हॉलोरन पोरांना घेऊन सरावाला आले. मैदानाच्या या टोकाला गेले, त्या टोकाला गेले, पुन्हा या टोकाला आले. आम्ही समितीवाले कुंपणाशी उभे होतो. आम्हाला शिव्या घाला म्हटलं, घालेनात. किक मारणाऱ्या पोराला म्हणाले, मार. त्याने मारली. चेंडू आकाशात गेला आणि पोरगं विचारतं, सर, खांबांमधून गेला का? प्रशिक्षक म्हणाले, “ते आता मत आहे.” आणि घरी निघून गेले.

तेव्हापासून आम्ही काय काय केलं ते ऐका. अग्निशमनवाल्यांनी एक खांब बाहेर काढला, तो केसाच्या आकड्यासारखा वाकला आहे. दुसरा सापडतच नाही. कारखान्याला विचारलं, ते म्हणाले वसंतात देऊ. शाळेच्या मैदानावरचे खांब आणून लावले, सगळ्यांना हायसं वाटलं, मग कोणीतरी मोजायची फीत लावली. शाळेच्या खांबांमधलं अंतर कॉलेजच्यापेक्षा जवळपास पाच फुटांनी रुंद असतं, हे मला या वयात कळलं. बर्निसबाई म्हणाल्या, आपल्या पोराचा नेम बघता रुंदच बरे. पण विभागाचा तपासनीस शुक्रवारी दुपारी मैदान बघायला येतो आहे, आणि तो फीत घेऊन येतो. मैदान नियमात बसलं नाही तर सामना दुसऱ्याच्या घरी. दुसरा म्हणजे तुम्ही.

बाबांना हे अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी ते कोट घालून दाराशी बसतात, आज शनिवार का म्हणून विचारतात. मी नाही म्हणतो. ते म्हणतात, “बरं, मग बसतो.” दाजी, मी दुकानदार माणूस आहे, मला रडण्याची सवय नाही, आणि काल मी मागच्या खोलीत रंगाच्या डब्यांमध्ये उभा राहून चांगला रडलो.

असो. खुशाली कळावी म्हणून हे चार शब्द लिहिले. गुडघ्याला शेक घ्यावा. ताईला आशीर्वाद मागितला म्हणून सांगावं. आमच्याकडून गेल्या कित्येक वर्षांत तुमच्या संघाबद्दल जे काही बोललं गेलं, विशेषतः गाईंच्या कळपाबद्दल, ते पोटात घालावं.

तुमचा,
ऑर्विल स्टेनरुड

ता. क. तुमच्या मैदानाचं सगळं सामान तुमच्या ताब्यात असतं, आणि नवे खांब बसवल्यावर जुनी जोडी तुम्ही कुलपातल्या शेडमध्ये आडवी ठेवली आहे, असं ऐकतो. कॉलेजच्याच मापाची. ती नुसती पडून आहे, लोखंडाला तरी बरं वाटेल का? शनिवारपुरती मिळाली तर आम्ही धुऊन, पुसून, रंगवून परत करू. नदीत टाकणार नाही. समितीने तसा ठराव केला आहे. (एकमताने नाही, पण केला आहे.)

ता. क. दुसरा. तुम्ही नाही म्हणालात तर सामना तुमच्या दारात येतो, हे मला कळतं. तुमच्या जागी मी असतो तर नाही म्हटलं असतं, वर चार घरी जाऊन सांगितलं असतं. तुम्हाला विचारायचं म्हणून पेन उचललं, पण उत्तराची वाट बघण्याइतकी छाती माझ्याकडे नाही, हे आधीच कबूल करतो.

ता. क. तिसरा. पत्र लांबलं त्याबद्दल माफी असावी. समितीने मला ते लांबवायलाच सांगितलं होतं. पास्टर तोर्विक समोर बसून तुमची कॉफी पीत असतील. त्यांना खोटं बोलता येत नाही, म्हणून कृपा करून काही विचारू नका. मैदानाकडून लोखंडाचा आवाज आला असेल तर तो लिंडक्विस्ट बंधूंच्या धान्याच्या ट्रकचा आहे. तुम्ही इथपर्यंत वाचत आला आहात म्हणजे ते आता हमरस्त्याला लागले असतील. गुडघा सांभाळून उठा.

ता. क. चौथा आणि शेवटचा. पोलिसांना फोन करण्याआधी एवढं वाचा. आम्ही काही फोडलेलं नाही. परवा मी तुमच्याकडे फोन केला तेव्हा तुम्ही बाहेर होतात, ताईने उचलला. मी तिला बाबांच्या कोटाचं सांगितलं. तिने तपासनीस कधी येतो एवढंच विचारलं. मग म्हणाली, “कुलूप तोडू नका रे, ते नवं आहे. किल्ली मी देते.”