दुहेरी काचा

मंगळवार, १२ मार्च

विहीणबाईंना प्रेमाचा नमस्कार.

तुमची तब्येत बरी असेल, धाकट्या सुनेच्या हातचं खाऊन अंगही धरलं असेल. माझे गुडघे आहेत तसेच आहेत, कुरकुर करतात पण सोडून जात नाहीत.

बातमी म्हणजे आपल्या इमारतीचं नशीब एकदाचं उघडलं. तुम्ही इथे असताना आपण गृहनिर्माण मंडळाकडे किती हेलपाटे घालायचो! आता जिन्याला रंग लागला, न्हाणीघरांची गळती थांबली, पाइप बदलले आणि रस्त्याकडच्या सगळ्या खिडक्यांना दुहेरी काचा बसल्या. खिडकी लावली की खालचे ट्रक, बस, हॉर्न, सगळे गप्प. पहिल्या दिवशी मला वाटलं, मी बहिरीच झाले. घड्याळाची टिकटिक ऐकू आली तेव्हा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवसापासून मात्र छतातून धप्प धप्प ऐकू येऊ लागलं. छताच्या वर तुमचंच घर, तुमचा मुलगा आणि माझी लेक. पण भलतंसलतं काही मनात आलंच नाही. नवे पाइप नीट बसवले नसतील म्हणून मी मंडळाच्या ऑफिसात जाऊन भांडून आले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

काल दुपारी मंडळाचा प्लंबर आला. शिडीवर चढून पाइपला कान लावतोय, तोच वर आवाज झाला. मागोमाग लेकीचा आवाज, शेजारी उभी असावी इतका स्पष्ट.

"नका हो, खाली आई आहे."

आणि जावईबापू म्हणाले, "त्या म्हातारीला कधी काही ऐकू आलंय का?"

मग पुन्हा धप्प.

विहीणबाई, इतकी वर्षं ट्रकांच्या धडधडीत हे सगळं बुडून जात होतं! प्लंबर शिडीवरच थिजला. "काकू, हे पाइपचं नाही," एवढंच म्हणाला आणि माझ्याबरोबर वर आला. त्याच्या हातात पाना होता म्हणून असेल, पण दार उघडल्यावर जावईबापू एकदम गोड बोलायला लागले. कपाट सरकवत होतो म्हणे. मी लेकीचा हात धरला आणि होती तशी, अनवाणी, खाली आणली. तिच्या पाठीवर काय आहे ते लिहवत नाही. रोज हसत खाली यायची हो, माझ्या गुडघ्यांना मलम चोळून जायची!

इथवर लिहून पेन खाली ठेवलं होतं. पुढचं लिहावं की नाही, कळेना. पण लिहितेच. आज सकाळी लेक बोलली. तुम्ही धाकट्याकडे गेलात ते हवापालटासाठी नव्हतंच. त्याने तुमच्यावरही हात उचलला होता, आणि जाताना तुम्ही तिला बजावलंत, "कुणाला बोलू नकोस, आपलेच दात, आपलेच ओठ." सगळी इमारत म्हणत होती, सुनेने सासूला हाकललं. तिने मुकाट्याने ऐकून घेतलं. तुम्हीही ऐकू दिलंत.

मला तुमचा संताप येतोय आणि तुमच्यासाठी रडूही येतंय. दोन्ही एकदमच.

आता कामाचं. वरचं घर मंडळाकडे अजून तुमच्याच नावावर भाड्याने आहे. आज पुन्हा ऑफिसात गेले होते. तिथल्या बाई म्हणाल्या, मूळ भाडेकरूने स्वतः येऊन सही केली तर मुलाला घर सोडावं लागेल आणि ते सुनेच्या नावावर करता येईल. नाहीतर तो तिथेच राहणार आणि ही इथे, माझ्या एका खोलीत, त्याच्या पायाखाली. कालपासून तो वर येरझाऱ्या घालतो. मध्येच थांबतो, नेमका आमच्या डोक्यावर. तेवढा वेळ ही श्वास रोखून बसते.

पोटचा गोळा आहे, तुम्हाला जड जाईल हे मला कळतं. तरी या. पत्र मिळताच निघा.

आधी माझ्याकडे या. वर एकट्या जाऊ नका.

तुमच्या सुनेची आई