धुराड्यातलं लुगडं

अव्वा,

आपल्याकडे गॅस येतोय. तू कधी न पाहिलेल्या तुझ्या सुनेनं तीन वर्षांपूर्वी नंबर लावला होता, आता कुठं पाळी आली. शेगडी तुझ्याच स्वयंपाकघरात बसवायची आहे. लग्न होऊन आल्यावर पंधरा दिवसांतच तिनं मागच्या पडवीत नवी चूल मांडली होती. "त्या खोलीत धूर कोंडतो, जीव गुदमरतो," म्हणाली. मी म्हणालो, जुनं धुराडं आहे, काजळी धरली असेल. तेव्हापासून तुझी खोली ज्वारीच्या पोत्यांना दिलेली. परवा गॅसवाला येऊन बघून गेला. खोलीला खिडकी नाही, म्हणाला, निदान धुराडं तरी मोकळं करून घ्या, वरून हवा खेळली पाहिजे, मगच जोडून देतो.

म्हणून काल गवंडी बोलावला. मोहोळकडचा म्हातारा माणूस, बोलायला मोकळा. धाब्यावर चढून त्यानं धुराड्यात दोरीला बांधलेला दगड सोडला. तो खाली चुलीपर्यंत आलाच नाही. मग खाली येऊन त्यानं चुलीच्या तोंडातून वर पहार घातली आणि हसला. "अप्पा, तुमच्या धुराड्याचं पोट लई भरलंय की." तुझी सून दारातून म्हणाली, "कावळ्याचं घरटं असंल." "वैनी, कावळा कदी खालनं घरटं बांधतो व्हय?" असं म्हणत त्यानं पहार हिसडली आणि काळा गठ्ठा धप्पकन चुलीत पडला. गोणपाट, त्यावर भुसा कालवून थापलेला चिखल, आणि आत घट्ट पिळून कोंबलेलं लुगडं. गवंड्यानं ते झटकलं. एका टोकाला काजळी पोचली नव्हती, तिथं इरकलीचा लाल काठ तसाच होता. "हे वाऱ्यानं गेलेलं न्हाय," तो म्हणाला. "कुणीतरी हातानं ठोकून बसवलंय. चिकलात बोटं उमटल्यात, बगा." मी पाहिलं. बारीक बोटं होती. "कुणाचं हो लुगडं?" सुनेनं विचारलं. "काय माहीत," मी म्हणालो.

अव्वा, ते लुगडं मी ओळखलं, आणि ते तिथं का गेलं तेही मला त्याच क्षणी कळलं.

गावातली सातवी करून मी इथं गिरणीत कारकून लागलो आणि तुला घेऊन आलो, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. धुराडं माडीच्या भिंतीतून वर जायचं. भिंतीला चीर पडली होती, आणि मी पहाटे डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसलो की बरोबर तेव्हाच तुझी चूल पेटायची. धूर चिरेतून माडीत यायचा. मला सातला गिरणीत पोचायचं असायचं, म्हणून तर तू तेव्हा भाकरी थापत होतीस, हे मात्र माझ्या ध्यानात येत नसे. एक दिवस आपले जंगम गुरू, अय्या, आले होते. त्यांची पाद्यपूजा चालली आहे, माडीत धूर भरलाय, अय्या खोकतायत. तू ताट घेऊन जिना चढून येतेस आणि मी सगळ्यांदेखत म्हणतो, "अव्वा, देवापुढं माझ्या डोळ्यांत पाणी येतं ते भक्तीचं नव्हे, तुझ्या चुलीचं." शेजारचे दोघेतिघे हसले. मलाही आपलं बोलणं आवडलं. अय्या तेवढे हसले नाहीत. "इरली बिडु," म्हणाले, राहू दे. तू ताट खाली ठेवलंस, डोईवरचा पदर पुढं ओढलास आणि म्हणालीस, "व्हय बाबा. उद्यापासनं न्हाय यायचा धूर."

आणि नाही आला. पुढची दोन वर्षं माझी पूजा निर्वेध झाली. तुझा खोकला वाढला. विचारलं की म्हणायचीस, "मिरची कांडली, खकाणा गेला." शेवटी छाती वाजायला लागली तेव्हा तुला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नळी लावून बघितलं आणि मला विचारलं, "घरात चूल आहे? धूर बाहेर जायची सोय काय?" मी म्हणालो, "धुराडं आहे की." तू खाटेवर होतीस, शुद्धीत होतीस. माझ्याकडे पाहिलंस आणि डोळे मिटून घेतलेस. तिसऱ्या दिवशी गेलीस.

काल गवंड्यानं माडीतली चीर दाखवली. अंगठा जाईल एवढी. "हितं मूठभर चुना लावला असता तर भागलं असतं," तो म्हणाला आणि लावूनही टाकला. चहा निवायच्या आत काम झालं. खाली आलो तर चुलीच्या राखेत वरून उजेड पडला होता. लुगडं मी धुतलं. काळं पाणी संपेना. आता ते परसात दोरीवर वाळतंय, आणि सून दोनदा त्याच्याकडे आणि माझ्याकडे बघून गेली. आज तळहातावर लिंग घेऊन बसलो, पण मंत्र सुरू करता आला नाही.

तुला वाचता येत नव्हतं. मामाची पत्रं मीच तुला वाचून दाखवायचो, आणि त्यातलं वाईट तेवढं गाळायचो. हे पत्र कुठं धाडायचं नाही, तेव्हा यातलं काही गाळत नाही. धुराडं बंद आहे हे मला काल कळलं असं वर भासवलंय, ते पुरतं खरं नाही. माडीतला धूर थांबला त्याच आठवड्यात मी एकदा पाणी प्यायला खाली आलो होतो. स्वयंपाकघरात तू दिसत नव्हतीस, नुसता भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी उंबऱ्यावर थांबलो. धूर बाहेर सोप्यात यायला लागला होता. "अव्वा," मी म्हणालो, "दार तेवढं लोटून घे."