मडगार्ड कापण्याआधी

६ फेब्रुवारी, गुरुवार

श्रीशैलनं आकडा परत वाढवला! सोमवारी चारही मडगार्डांचं काम एक लाख ऐंशी हजारात होणार होतं. आज दोन लाख चाळीस. म्हणे, "म्याडम, पत्रा हातानं ठोकून गोलाई काढायची म्हंजे खेळ न्हाई की!" मग सोमवारी काय खेळ होता?

त्याच्याइतका चांगला हात असलेला डेंटर सोलापुरात दुसरा नाही. हे त्यालाही माहीत आहे — तीच पंचाईत.

रिम आणि टायर दीड लाख. रंग नव्वद हजार. शिवाय किरकोळ. या 'किरकोळ' शब्दाचाच आता राग येतो! पाच लाखांच्या पुढे गेलं सगळं. आणि गाडी मी घेतली होती पंचेचाळीस हजारांना. त्रेसष्ट सालची इंग्लिश स्पोर्ट्स कार, दोन सीटा, छत नाही, बॉनेटमध्ये कोंबडी अंडी घालत होती.

८ फेब्रुवारी, शनिवार

सासूबाईंना नीट समजावून सांगितलं. मडगार्ड कापायचे, पत्रा बाहेरच्या बाजूला फुगवायचा, खाली रुंद टायर बसवायचे. याला वाइडबॉडी म्हणतात.

"मग आत जागा वाढणार?"

"नाही, आई."

"तिसरं माणूस मावणार?"

"नाही."

सासूबाईंनी शेंगा सोलायला घेतल्या. शेंगा इतक्या जोरात सोलता येतात हे मला माहीत नव्हतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

आरटीओत दीड तास. आधी अर्ज, मग परवानगी, मग काम, मग तपासणी. खिडकीतला माणूस म्हणाला, "बस आहे का?" कार आहे. "मग रुंद कशाला करताय?"

एकच प्रश्न, एकाच आठवड्यात दोनदा!

कशाला? दहावीत असताना भूमितीच्या वहीत मागून फुगलेली गाडी काढायचे. तेव्हापासून डोळ्यांसमोर तीच आहे. पाच वर्षं या डबड्याचं इंजिन सुटं केलं, जोडलं, परत सुटं केलं. पॉलिटेक्निकमध्ये शिकवून आले की हात ग्रीसमध्ये. आता ती मला हवी तशी दिसावी, बस. पण 'आवडतं म्हणून' हे कारण बाईनं दिलं की पुरत नाही. माझा दीर, अद्वैतचा भाऊ, दर वर्षी नवा फोन घेतो — त्याला कुणी विचारतं का, आत जागा वाढणार का म्हणून?

११ फेब्रुवारी

अद्वैतला विचारलं. "तुझी गाडी, तू बघ."

१२ फेब्रुवारी

परत विचारलं. "तुझी गाडी आहे, मी काय सांगणार?" नवरा आहे का पोस्टाचा शिक्का!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पुण्याहून एका माणसाचा फोन. जुन्या गाड्या जमवतो. चौदा लाख देतो म्हणाला! पण अट एकच — कापलेली नको. "मूळ पत्रा असेल तरच, मॅडम. एकदा ग्राइंडर लागला की निम्मी किंमत."

म्हणजे पाच लाख घालायचे आणि सात लाख घालवायचे. माझ्या विद्यार्थ्यानं असं गणित मांडलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

श्रीशैलकडे गेले. त्यानं मागच्या मडगार्डवर खडूनं रेघ मारून ठेवली होती. मी बघत उभी राहिले. तो म्हणाला, "कापलं की कापलं बघा. दुधनीत आमचे वडील म्हनायचे, पत्र्याला माफी मागता येत न्हाई. तुमी सांगा, मी आज बी तयार हाय."

पदरानं रेघ पुसली. मग म्हणाले, परत मार. मग म्हणाले, नको. तो शेवटी चहा प्यायला निघून गेला. बरोबर केलं त्यानं. माझाच मला वीट आलाय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

विकायची. ठरलं. जेवताना सांगितलं.

अद्वैतचा चेहरा असा उजळला! "शहाणपणा केलास. माणूस चांगला आहे, पैसे वेळेवर देईल."

"तुला काय माहीत माणूस कसा आहे?"

घास तोंडात तसाच. सासूबाई उठून गेल्या. मग निघालं — त्या पुण्याच्या माणसाला माझा नंबर यानंच दिला होता! 'तुझी गाडी, तू बघ' म्हणत पाठीमागून गिऱ्हाईक शोधत होता!

ताट सरकवून उठले.

२० फेब्रुवारी

बोलणं बंद.

२२ फेब्रुवारी, शनिवार

संध्याकाळी अद्वैत गच्चीवर आला. वाळलेले कपडे काढायला मदत करतोय असं दाखवत होता. म्हणाला, "मला भीती वाटते, निवेदिता. रुंद टायर आले की तू ती हायवेवर काढशील. छप्पर नाही, काही नाही. तू कॉलेजहून गाडीनं येतेस तेव्हा मी फाटकाचा आवाज येईपर्यंत काम करू शकत नाही."

पाच महिने गाडी चालतेय, मी तिची सुई पन्नासच्या वर नेलेली नाही. हे त्याला कसं ठाऊक असणार? तो कधी शेजारी बसलाच नाही.

"मग उद्या बस," म्हणाले. चिडूनच म्हणाले.

२३ फेब्रुवारी, रविवार

कापायची नाही. विकायची नाही. घरी आल्यावर श्रीशैल आणि तो पुण्याचा माणूस, दोघांनाही फोन करून सांगून टाकलं.

सकाळी अद्वैत स्कूटरचं हेल्मेट घालून बसला! होटगीच्या पुढे रस्ता मोकळा होता. एका वळणावर मी जरा दाबली — चाळीसच होता वेग — आणि त्या बारीक टायरांवर मागची बाजू अलगद सुटली. गाडी निम्मी आडवी झाली, स्टिअरिंग उलटं फिरवल्यावर सरळ झाली. रुंद टायरांवर हे कधीच झालं नसतं! मी मोठ्यानं हसले. शेजारी अद्वैतचे दोन्ही हात डॅशबोर्डवर, डोळे मिटलेले.

गाडी हळू केली. "घरी जाऊ या का?"

त्यानं हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

"नाही. त्याच वळणावर परत घे."