पहिल्या हाकेला ओ

सोमवार, १६ नोव्हेंबर २००९

आले एकदाची! भोरहून वेल्ह्यापर्यंत एसटी आणि तिथून टेम्पोत सिमेंटच्या पोत्यांवर बसून टेंभवाडी. संगणकाचा खोका मांडीवर धरला होता. टेम्पोवाला हसून म्हणाला, बाई, लेकराला धरावं तसं धरलंय. धरणारच. सरकारनं खेडोपाडी ब्रॉडबँड न्यायचं ठरवलंय आणि या वाडीपुरतं सरकार म्हणजे मी, फौजिया.

ग्रामपंचायतीची पुढची खोली इंटरनेट केंद्राला, मागची मला राहायला. सरपंच सर्जेराव स्वभावानं मोकळे, त्यांनी उभं राहून भिंतींना चुना मारून घेतला. पंचायतीची झाडलोट करणाऱ्या अक्काबाईंनी नाचणीची भाकरी आणि कसलीशी झणझणीत चटणी आणून दिली. दारातून तोरणा दिसतो. मोबाईलला रेंज नाही, पण पंचायतीत फोन आहे.

अब्बा नको म्हणत होते. पण शाकिर दुबईला जाऊन दीड वर्ष झालं. भोरच्या कॅफेत नवऱ्याशी बोलायचं तर टारगट पोरं पाठीमागे येऊन उभी राहतात. इथं तो मला पडद्यावर निवांत दिसेल. खरं कारण तेच, पण ते सरकारला कशाला सांगा!

शुक्रवार, २० नोव्हेंबर

लाइन चालू झाली. मोडेमचे हिरवे दिवे लागले आणि दाराशी जमलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

सर्जेरावांची लेक दीपमाला पुण्यात नर्स आहे. ती पडद्यावर दिसली तेव्हा त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलानं काच पुसली आणि मग तोच टॉवेल डोळ्यांना लावला.

दुपारी शाकिर दिसला. वाळलाय. ‘फौजी’ म्हणाला. मी कवायत केल्यासारखी चालते म्हणून लग्नानंतर त्यानंच पाडलेलं नाव. मी इतकी रडले की बोलायचं राहूनच गेलं.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

इथल्या माणसांना दोनदा हाक मारावी लागते. आधी वाटलं, सगळी वाडी कानानं कमी आहे की काय! मग लक्षात आलं, ऐकू येतं, पण पहिल्या हाकेला कुणी ओ देतच नाही. रॉकेलवालासुद्धा प्रत्येक दाराशी नाव दोनदा घेतो. आमची नानी रात्रीच्या हाकेबद्दल असलं काही सांगायची, पण इथं भर दुपारीही तेच.

आणि त्यापायी माझं काम अडतंय. पुण्याहून पोरं फोन लावतात, स्पीकरमधून हाक येते आणि म्हातारी माणसं दुसऱ्या हाकेची वाट बघत ढिम्म बसतात. तोवर फोन कटतो. केंद्राचा वापर दिसला नाही तर वरून केंद्र बंद करतील.

म्हणून आज युक्ती केली. आलेला फोन संगणक आपोआप उचलेल आणि पलीकडच्याला आणि इथं स्पीकरवरही माझ्या आवाजात ऐकू जाईल, ‘ओ, आले!’ घरी हाक आली की मी देते तसंच, हसत. आवाज भरताना अक्काबाई केरसुणी हातात धरून बघत होत्या. केर अर्धाच टाकून गेल्या.

मंगळवार, १ डिसेंबर

भोरला ईद करून कालच परतले.

दुपारी सर्जेराव केंद्रात बसले होते. स्पीकरमधून दीपमालाचा आवाज आला. ‘आबा.’ एकदाच. सवयीप्रमाणे ते गप्प राहिले, मलाही बोट वर करून थांबवलं. तेवढ्यात माझा भरलेला आवाज बोलला, ‘ओ, आले!’ मी हसले. म्हटलं, बघा, कसं झटक्यात काम होतं!

ते हसले नाहीत. उठले आणि माझ्याकडे न बघता चालू लागले. मला वाटलं, राग आला. चपला दारातच राहिल्या.

अंधार पडेपर्यंत सगळी वाडी शोधत होती. कानंदी नदीच्या वाळूत अनवाणी पावलं सापडली. पाण्यापाशी नाही, वाळूच्या मधोमध संपली. दीपमालाला फोन केला. ती सकाळपासून वॉर्डात होती, तिनं हाक मारलीच नव्हती.

आणि आत्ता जेवताना आठवलं, घास तसाच खाली ठेवला. सर्जेराव लोडशेडिंग संपायची वाट बघत बसले होते. वीज सकाळपासून नव्हती. संगणक बंद होता.

बुधवार, २ डिसेंबर

अक्काबाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहूनच बोलल्या. ‘त्याला दुसऱ्यांदा हाक माराया येत न्हाई, बाई. आपल्याच मानसाच्या आवाजात येकदा बोलावतंय. म्हनून आमी थांबतो. दुसरी हाक आली तरच आपलं मानूस.’ मग खाली बघत म्हणाल्या, ‘सरपंच गप व्हते. त्यांच्या वाटची ओ तुमच्या पेटीनं दिली.’

मी त्यांचे पाय धरणार होते. त्या मागे सरल्या.

आवाजाची फाईल पुसली. वायर काढली, मोडेम काढला, स्पीकर ट्रंकेत घातला.

गुरुवार, ३ डिसेंबर

वेल्ह्याहून सकाळच्या एसटीनं भोरला निघाले होते. पिशवी भरून झाली होती. तेवढ्यात पंचायतीच्या फोनवर अब्बा. शाकिरची कंपनी बुडाली. खोलीतून काढलं, मोबाईलही गेला. तो परत येतोय, पण कुठल्या विमानानं, कधी, ते उद्या जुम्म्याच्या नमाजानंतर एका कॅफेतून सांगणार आहे. या केंद्रावर. अब्बांना त्यानं कुणाच्या तरी मोबाईलवरून मिनिटभर फोन केला होता; संगणकावरचा त्याच्याकडे हाच एक पत्ता. बोलताना रडत होता, अब्बा म्हणाले.

मी नसले तर तो कुणाला हाक मारणार?

अब्बांना म्हटलं, आज त्याचा फोन आला तर एवढंच सांगा, उद्या माझं नाव दोनदा घे. अब्बा हसले. शपथ घातली तेव्हा हो म्हणाले.

ट्रंकेतून आवाज येतोय. माझाच. हळू.

शुक्रवार, ४ डिसेंबर

सगळं परत जोडलं. फाईल नाही, तीनदा पाहिलं. आपोआप उचलायची सोय बंद. दाराला कडी. अक्काबाई खिडकीतून म्हणाल्या, ‘लिवा बाई, हात गुतवा, पर त्वांड उघडू नका.’ तोंडात ओढणी कोंबलीय. म्हणून लिहितेय.

वीज आहे. दिवे हिरवे. शाकिर, दोनदा. दोनदा म्हण रे.

—

वीज गेली.

दिवे गेले, यूपीएसही गेला. वायर माझ्या हातात आहे, उपटलेली—

‘फौजी.’

त्याचा आवाज. रडवेला. तस्साच.

एकदाच.

थांबते. अब्बा सांगायचं विसरले असतील तर? तो तिकडे माझं नाव घेऊन बसला असेल, आणि मी इथं— नाही. थांबते. दुसरी येईल. आता येईल. या अल्लाह, दुसरी हाक—

येत नाही.

मी बोलले नाही. ओढणी अजून दातांत आहे. मी तोंड उघडलं नाही. तरी आत्ता इथं, खोलीत, कुणीतरी माझ्या आवाजात हसत—

‘ओ’

कडी मी लावली होती. दार उघडं आहे. अक्काबाई ओरडताहेत, माझं नाव, दोनदा, तीनदा— ऐकू येतं पण पाय—

पाय चालताहेत. वही हातात आहे. वाळू गरम—

शाकिर पुढे उभा आहे, पाठमोरा. दीड वर्षानं—

आले