हसऱ्या गाईचा शेतकरी

दि. ९ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास, धाकट्याचा नमस्कार.

उत्तराला फार उशीर झाला, माफ कर. गायी विकल्याचं तुझं पत्र मागच्या हिवाळ्यातलं, अजून उशाखाली आहे. वहिनींची कंबर इकडच्या डॉक्टरला दाखवणार होतास, त्याचं काय झालं? माझा खोकला आहे तसाच. घरमालकीण जिन्यात दिवा लावत नाही. पडलो तर कोणाला कळायचंही नाही, असं सारखं मनात येतं.

मला नोकरी लागली आहे. जन्मभर लिफ्ट चालवली, आता म्हातारपणी शेतकरी झालो. हसू नकोस. मोठ्या दुकानात दुधाच्या कपाटाशेजारी गवती टोपी घालून उभं राहायचं. बाटलीवर हसऱ्या गाईचा शिक्का असतो, म्हणजे ही गाय सुखात ठेवलेली. गिऱ्हाइकं विचारतात, "काका, गाय खूश आहे ना?" मी म्हणायचं, "एकदम मजेत."

काय ही माणसं, दादा! जोडीनं आली की शिक्क्याची बाटली घेतात आणि सगळ्यांना दिसेल अशी टोपलीत वर ठेवतात. तीच बाई एकटी आली की इकडेतिकडे बघून साधी पिशवी उचलते. एक जण चित्रातलं वासरू बघून डोळे पुसत होता. पुसून झाल्यावर किंमत बघितली आणि बाटली पावांच्या मागे दडवून गेला. यांना गाईचं सुख नको, स्वतःला शाबासकी हवी. मला इतकी किळस आली आहे की मी आता कोणाच्या तोंडाकडे बघतच नाही. टोपी पुढे ओढतो आणि बाटल्यांकडे बघत बोलतो.

तुझ्या गोठ्याला फरशी नाही म्हणून शिक्का मिळाला नाही, आणि शिक्का नाही म्हणून डेअरीनं दूध बंद केलं, असं तू लिहिलं होतंस. ते वाचलं त्याच आठवड्यात मला ही टोपी मिळाली. काय उत्तर लिहिणार होतो?

गिऱ्हाइकं गाईचं नाव विचारतात. दुसरं सुचलं नाही. ढवळी सांगतो. आपली.

रविवारी एक म्हातारा आला. शिक्क्याखालची अक्षरं बोट ठेवून, अडखळत वाचली. मग म्हणाला, "गाय कशी आहे?" मी सवयीनं बोललो, "ढवळी ना? एकदम मजेत. रोज हात फिरवतो तिच्या अंगावरून." त्यानं बाटली जपून जागेवर ठेवली, शिक्का आत वळवून. तो दाराशी पोचला तेव्हा मी मान वर केली. उजवा खांदा खाली, जन्मभर बादल्या वाहिल्यासारखा. हाक मारायला तोंड उघडलं, तर एक बाई म्हणाली, "काका, वासराला दूध ठेवता ना?" आणि मी म्हणालो, "हो हो, पोटभर."

दादा, वाटेल त्या शिव्या घाल. पण तो तू होतास की नव्हतास, एवढं लगेच कळव. येत्या रविवारी मला पुन्हा तिथंच उभं राहायचं आहे.

तुझा,
टोपीतला धाकटा