पाचपैकी पाच

८ जानेवारी, शनिवार
आज दुकानात एक गृहस्थ डबल गादी बघायला आले. तिच्यावर आडवे पडल्या पडल्याच सांगू लागले की मुलगा मोठ्या कॉलेजात लागला. कशावर? तर ॲडव्हान्स्ड परीक्षेत पाचपैकी पाच! शाळेतच द्यायची, पण कॉलेजच्या तोडीची परीक्षा. पाच असले की कॉलेजवाले दार उघडून उभेच असतात म्हणे. गादी न घेताच गेले, पण मला दिशा देऊन गेले.
आमच्या कन्येला प्राण्यांची डॉक्टर व्हायचंय. मे महिन्यात तिची ॲडव्हान्स्ड केमिस्ट्री आहे. संकल्प: पाचपैकी पाच. उद्यापासून रोज पहाटे उठून मीही तिच्यासोबत अभ्यासाला बसणार. दबाव मात्र अजिबात आणायचा नाही.

९ जानेवारी, रविवार
सव्वाआठला उठलो. आपल्याच दुकानातली गादी, त्याला कोण काय करणार. कन्या केव्हाची अभ्यासाला बसली होती.
कागदावर भला मोठा ५ काढून फ्रिजवर चिकटवला. बायको म्हणाली, हा दबाव आहे. मी म्हणालो, हा आकडा आहे.

१२ जानेवारी
सराव पेपर मीही सोडवला. यात अवघड असं काही नाही, हे तिला दाखवायला. पाचपैकी एक मिळाला. पेन नीट चालत नव्हतं.

१५ जानेवारी, शनिवार
दोन वर्षं झाली, कन्या दर शनिवारी कोपऱ्यावरच्या प्राण्यांच्या दवाखान्यात मदतीला जाते. इंजेक्शन देताना कुत्री धरते, मांजरांना टॉवेलात गुंडाळून गोळ्या भरवते. आज स्वेटरभर केस घेऊन आली आणि जेवताना एका लंगड्या बोक्याबद्दल बोलत सुटली. चेहरा नुसता फुललेला.
पण अख्खा शनिवार! मेपर्यंतचे सगळे शनिवार डोळ्यांपुढे आले. काहीतरी करायला हवं.

१७ जानेवारी, सोमवार
केलं. दुपारी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाईंना सांगितलं की मुलीला आता यायचं नाहीये, पण तुम्हाला सांगायला संकोचते. त्या मग म्हणाल्या, तिची मर्जी.
संध्याकाळी कन्येला सांगितलं की डॉक्टरीणबाईंचा फोन होता, यापुढे येऊ नकोस म्हणाल्या. तिने विचारलं, का? या प्रश्नाची तयारी केली नव्हती. तोंडाला आलं ते बोललो. म्हटलं, तुझा हात थरथरतो म्हणाल्या.
याला खोटं म्हणता येणार नाही. वेळेचं नियोजन म्हणता येईल.

१८ जानेवारी
कन्या सरळ पुस्तक उघडून बसली. योजना शंभर टक्के यशस्वी.
मला जेवण गेलं नाही. दुकानात काहीतरी खाल्लं असणार.

२९ जानेवारी, शनिवार
कन्या हल्ली चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. पूर्वी धरायची नाही. मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसलो. पान उलटायचं राहूनच गेलं.
शेजारचा कुत्रा मला बघून भुंकतो. पूर्वीही भुंकायचा, पण आता काहीतरी ठाऊक असल्यासारखा भुंकतो.

६ फेब्रुवारी
मी झोपेत टॉवेल आणा, टॉवेल आणा असं ओरडतो, असं बायकोचं म्हणणं. म्हटलं, अंघोळीचं स्वप्न पडलं असेल.
कन्येला खरं सांगून टाकावं असं वाटतं. पण आत्ता सांगितलं तर अभ्यासावर परिणाम होईल. तिच्याच भल्यासाठी गप्प राहणे.

१९ मार्च, शनिवार
कॉलेजचा ओपन डे, म्हणजे मुलांना-पालकांना कॉलेज बघायला बोलावतात तो दिवस. हॉल खच्चून भरलेला. प्रवेश विभागाच्या बाई बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा मी कन्येला कोपराने डिवचलं की आता ऐक, पाचाबद्दल सांगतील.
बाई म्हणाल्या, ॲडव्हान्स्डचा स्कोअर चांगला असला तर चांगलंच. पण आम्ही आधी बघतो तुम्ही शाळेत काय काय शिकलात आणि वर्षभर कसे शिकलात. आमच्याकडे स्कोअर पाठवणं सक्तीचंसुद्धा नाही. मात्र ज्याला प्राण्यांवर उपचार करायचेत, त्याने प्राण्यांबरोबर किती वेळ काढला ते जरूर कळवा, आणि तुमचं काम पाहिलेल्या माणसाची शिफारस जोडा.
कन्येने हात वर केला. एवढ्या लोकांसमोर विचारलं की ज्यांनी काम पाहिलं त्यांनीच काढून टाकलं असेल तर? बाईंनी विचारलं, का काढलं? कन्या म्हणाली, माझा हात थरथरतो.
मी हॉलच्या छताकडे बघत राहिलो. बाई म्हणाल्या, त्यांना एकदा भेटून तर बघ.
ठरलं. आज घरी गेल्या गेल्या सांगून टाकायचं.

१९ मार्च, संध्याकाळी
प्रवासाने सगळे दमले होते. उद्या.

२७ मार्च, रविवार
दोनदा जिभेवर आलं आणि परत गेलं. पहिल्यांदा बायको खोलीत आली. दुसऱ्यांदा कुणीच आलं नाही.

२ एप्रिल
आनंदाची गोष्ट! कन्येने आज कप एका हाताने धरला. गुणगुणतही होती. म्हणजे विसरली. लहान वयात मनाला फार लागत नाही. आता जुनं उकरून काढण्यात अर्थ नाही. मी उगाच जिवाला लावून घेत होतो.
कन्या दर शनिवारी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते. शाबास.

९ मे, सोमवार
परीक्षा. तिला सोडायला गेलो. उतरताना तिने विचारलं, बाबा, तुम्हाला मला काही सांगायचंय का? म्हटलं, हो, प्रश्न दोनदा वाच. ती आत गेली.

७ जुलै, गुरुवार
पाचपैकी पाच!!! शेवटी मीच बरोबर ठरलो. दुकानात येईल त्या प्रत्येकाला सांगितलं. एका बाईंना उशी फुकट दिली.
घरी केक नेला. कन्येने पुन्हा तेच विचारलं, मला काही सांगायचंय का? म्हटलं, तुझा अभिमान वाटतो. खरंच वाटतो. पण माझ्या वाट्याचा केक फ्रिजमध्ये ठेवून दिला.

३ सप्टेंबर, शनिवार
कन्येने आज प्रवेशाचा अर्ज पाठवला. मी विचारलं, पाच ठळक दिसतील असे टाकलेस ना? म्हणाली, टाकलेच नाहीत. सक्तीचे नव्हते.
 तिने पुढे सांगितलं की डॉक्टरीणबाईंनी शिफारस पाठवली आहे. ओपन डे झाल्यावर ती घाबरत घाबरत दवाखान्यात गेली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनीच तिला विचारलं, काय ग, का सोडलंस? तेव्हापासून दर शनिवारी ती तिथेच जात होती. मैत्रिणीकडे नाही.
म्हणाली, तुम्ही सांगाल म्हणून मी वाट पाहिली. फोनचं मी समजू शकते. पण हाताचं का बोललात?
मी म्हणालो, तुझ्या भल्यासाठी... मग माझं चुकलं, असं म्हणालो. फार हळू म्हणालो. ऐकू गेलं की नाही कोण जाणे.
तिने निकालाचा कागद आणून माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, हे पाच मी तुमच्यासाठीच मिळवले होते. तुम्ही ठेवा.

१० सप्टेंबर, शनिवार
कन्या सकाळीच दवाखान्यात गेली. फ्रिजवरचा ५ काढला. चिकटपट्टीचे डाग निघाले नाहीत.
जानेवारीत गादी न घेताच गेलेले ते गृहस्थ पुन्हा आले होते. तेव्हा मी आमच्या मुलीचंही बोललो होतो, तिचं काय झालं, असं विचारत होते. म्हटलं, पाचपैकी पाच. ते म्हणाले, मग काय, बापाने जिंकलं.
संध्याकाळी एकट्यानेच चहा केला. कप दोन्ही हातांनी धरावा लागला.